वाचून दाखविले आणि समजावून सांगितले

(वर्षावासातील एका सभेत नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्मावर बोलण्याचा अधिकार भन्तेजींचा आहे. मी पडलो वकील. तेव्हा माझ्या धंद्यातील एका नेहमीच्या वाक्यापासूनच आरंभ करतो. ज्या पक्षकारास लिहितावाचता येत नाही, त्याचा अंगठा घेण्यापूर्वी दस्तऐवजातील मजकूर त्यास वाचून दाखविला जातो आणि खाली तशी नोंद केली जाते : मजकूर वाचून दाखविला, समजावून सांगितला व तो त्याने कबूल केला. कचेरीत हे वाक्य इतक्या वेळा लिहिले जाते की, त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आली. ती चौथीपर्यंत शाळेत गेलेली होती. भावांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला आणि तिने त्यावर आपले नाव लिहिले. तो कागद वडिलार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र होता. तिने अंगठा उमटविला असता, तर निदान मजकूर वाचून दाखविल्याची नोंद तरी कोणास करावी लागली असती. तिला सही येत होती, म्हणून कोणीच काही वाचून दाखविले नाही. आणि सही करणारास आतील मजकूर ठाऊक होता, असेच न्यायालय प्रथम गृहीत धरते. मी विचारले, "बाई, तुम्हांला तर वाचता येत होते ना?" ती म्हणाली, "अक्षरं येत व्हती साहेब, पर एवढं सलग कसं वाचावं?" चार वर्षांच्या शाळेने तिला सहीपर्यंत आणून पोहोचविले आणि तेथेच सोडून दिले.

ही मागच्या पिढीची गोष्ट आहे, असे म्हणून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. २००२ साली घटनेत एकवीस-अ हे कलम आले. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. आज आपल्या मुलांचे नाव शाळेच्या पटावर आहे, हजेरीही लागते. परंतु 'असर' या नावाची जी पाहणी ग्रामीण भारतात केली जाते, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ सुमारे २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या पाहणीची रीत साधी आहे. पाहणी करणारा घरी येतो, मुलापुढे एक उतारा ठेवतो आणि मोठ्याने वाचावयास सांगतो. एवढ्या साध्या कसोटीला चारांतील जेमतेम एक मूल उतरते.

आता आपण म्हणाल, शिकविणे हे शाळेचे काम. आम्ही मजुरी करून येणारी माणसे काय करणार? शाळेचे काम शाळेनेच केले पाहिजे, आणि ते करून कसे घ्यावयाचे हेही मी सांगणार आहे. पण घरात जे होऊ शकते, ते कोणत्याही शाळेला पुरे करता येत नाही. आपल्या घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. वऱ्हाडाकडील मूल घरी 'मले', 'तुले' म्हणते, तर पुस्तकात 'मला', 'तुला' असते. 'परंतु', 'म्हणून', 'त्यामुळे' यांनी सांधलेली लांब वाक्ये मुलाच्या कानावरून कधी गेलेलीच नसतात. ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्या मुलाने ही भाषा अक्षर ओळखण्यापूर्वीच ऐकलेली असते. आपले मूल मात्र अक्षर आणि भाषा या दोन्हींशी एकाच वेळी झगडते. त्याला रोज थोडे मोठ्याने वाचून दाखविले, ओळीखाली बोट फिरविले, तर ते वाक्य कोठे थांबते हे कानाने शिकते व शब्द कोठे तुटतो हे डोळ्यांनी शिकते. जोडाक्षरे त्याला मग परकी वाटत नाहीत. तीच गोष्ट मुलाने दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचावी; त्यात वेळ फुकट जात नाही.

वाचन ऐकण्याची ही संधी आपल्या पूर्वजांना नुसती मिळाली नाही असे नव्हे, तर ती कायद्याने हिरावून घेतली होती. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानांत वितळलेले कथील व लाख भरावी, उच्चारला तर जीभ छाटावी आणि स्मरणात ठेवला तर शरीर चिरावे, असे दंड सांगितले आहेत. त्यांचा क्रम ध्यानात घ्या. पहिला दंड कानास आहे. ऐकण्यापासून विद्येचा आरंभ होतो, हे तो नियम करणारांना पक्के ठाऊक होते. उलटपक्षी, बुद्धाचा उपदेश कित्येक पिढ्या ऐकून आणि म्हणूनच टिकला. तो ग्रंथरूपाने लिहिला गेला तो पुढे सिंहलद्वीपात. चुल्लवग्गात अशी हकीकत आहे की, ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने ते आपल्या भाषेत शिकावे, असे सांगितले.

पूज्य बाबासाहेबांच्या घरचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी लिहिलेली, पण पहिल्या आवृत्तीत न छापलेली अशी एक प्रस्तावना आहे. तीत ते सांगतात की, वडील त्यांना व त्यांच्या थोरल्या बंधूंना रोज निजण्यापूर्वी महाभारत-रामायणाचा काही भाग वाचावयास लावीत. ऐकावयास त्यांच्या बहिणी असत आणि कथेसाठी घरी जमलेली इतर मंडळीही असत. हा क्रम कित्येक वर्षे चालला. पुढे मुलाने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता आहे, ते आम्हांला का वाचावयास लावता? सुभेदार रामजींना हा प्रश्न रुचला नाही. तरी पुढे त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात जो न्यूनगंड येण्याचा संभव आहे, तो या वाचनाने जावा, हा त्यांचा हेतू होता. द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणे त्यांनी दिली. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच आपणांस आवडत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि वडील गप्प राहिले. दादा केळुसकरांनी दिलेल्या बुद्धचरित्राच्या साहाय्याने बाबासाहेब बुद्धाकडे वळले, ते या पार्श्वभूमीवर.

मला या हकीकतीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. वाचणारे मूल होते आणि ऐकणारी घरची माणसे होती. म्हणजे आईबापांना वाचता येत नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. माझी स्वतःची आई निरक्षर होती. ती भाकरी थापीत असे आणि मी चुलीशी बसून धडा वाचीत असे. शाळेत मी 'पाणी'ला 'पानी' वाचले म्हणून एका गुरुजींनी सगळ्या वर्गाला हसविले होते. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. आई स्वतःच 'पानी' म्हणे. ती हसली नाही. "मंग पुढं काय झालं?" एवढेच विचारी. आज न्यायालयात उभा राहून मी जे बोलतो, त्याचा सराव त्या चुलीपाशी झाला.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. आपण वर्षावासात बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन करतो. परंतु स्पष्टच बोलायचे तर, पुष्कळ ठिकाणी तीन महिन्यांत ग्रंथ संपविण्याची घाई असते. वाचणारा भराभर वाचतो, मोठी माणसे हात जोडून बसतात आणि मुले मागे खेळतात. वाचून दाखविले जाते. समजावून सांगितले जात नाही. मुलांसाठी सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्या भांडणाचा प्रसंग घ्या. देवदत्ताच्या बाणाने पक्षी पडला, सिद्धार्थाने तो वाचविला. मग पक्षी कोणाचा? हा तर सरळ दिवाणी दावा आहे, आणि ग्रंथातही तो लवादाकडेच जातो. निवाड्याच्या आधी थांबा, पुस्तक मिटा आणि मुलांना विचारा. कोणी देवदत्ताची बाजू घेतली तर रागावू नका. त्याला कारण विचारा. केवळ ऐकले म्हणून काही मान्य करू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. ते आपल्या मुलांनाही लागू आहे.

राहिला शाळेचा भाग. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे मुलास शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यासही मनाई आहे. उच्चारावरून वर्गापुढे मुलाची टर उडविणे हा शिस्तीचा भाग आहे, असे कोणी सांगितल्यास ऐकून घेऊ नका. याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. पुष्कळ शाळांत ही पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात; फाटतील म्हणून मुलांना देत नाहीत. फाटू द्यावीत. एकविसाव्या कलमान्वये होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. आपल्या वस्तीतील किती भगिनी या समितीत आहेत? आणि ज्या आहेत, त्यांच्या सह्या इतिवृत्तावर सभेत घेतल्या जातात की घरी वही पाठवून?

दोन मागण्यांचा एक अर्ज मी मुख्याध्यापकांच्या नावे लिहून आणला आहे : कपाट उघडावे, आणि पहिली ते चौथीच्या वर्गांत रोज पंधरा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावे. सभा संपल्यावर येथे सातवीत शिकणारी जी मुलगी बसली आहे, ती तो सर्वांना वाचून दाखवील. जेथे समजणार नाही तेथे तिला थांबवा. बदल सुचवावयाचा असल्यास सुचवा. मी पेन घेऊन बसलो आहे. त्यानंतर ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.

जयभीम.