कुमारांच्या कपाटात कोण कोण आहे?

(बोईसर येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रमैत्रिणींनो, आज मी ग्रंथालयातल्या एका कपाटाबद्दल बोलणार आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचं कपाट. बऱ्याच ग्रंथालयांत ते नसतंच. बालविभागात परीकथा असतात, त्या या वयात मागे पडतात. मोठ्यांच्या विभागात जाडजूड कादंबऱ्या असतात, त्यांना हात लावायची भीती वाटते. मग मधल्या मुलांच्या हाती काय उरतं? स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. ज्या वयात ‘मी कोण?’ हा प्रश्न छळायला लागतो, त्याच वयात वाचायला काही मिळत नाही.

आता आपला जिल्हा बघा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीकडे वारली, कातकरी, कोकणा. किनाऱ्याला मच्छीमार वस्त्या. कित्येक पिढ्यांपासून इथेच राहणारी मुसलमान घरं. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि उत्तर प्रदेश, बिहारपासून माणसं कामाला आली. बोईसरच्या एका वर्गात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, वारली बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. यातली किती मुलं ग्रंथालयाच्या कपाटात दिसतात?

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये एक साधी गोष्ट मांडली. पुस्तक आरसा असतं आणि खिडकीही असतं. आरशात स्वतःला बघायचं, खिडकीतून दुसऱ्याला. आपल्याला दोन्ही हवं.

आधी आरसा. ‘मराठीत मुसलमानांचं काय आहे?’ असं आपल्यातलेच काही विचारतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी शेकडो वर्षांपूर्वी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ घ्या. किशोरवयात पायांतली शक्ती गेलेली ही मुलगी पुढे कोल्हापुरात अपंगांसाठी मोठी संस्था उभी करते. डॉ. कलामांचं ‘अग्निपंख’ तर तुम्हाला माहीत आहेच. काबूलच्या परवानाची गोष्ट सांगणारं ‘द ब्रेडविनर’सुद्धा मराठीत आलं आहे. चांगलं पुस्तक आहे. पण मराठी वाचणाऱ्या मुलाला मुसलमान मुलगी फक्त काबूलमध्येच भेटत असेल, तर शेजारच्या बाकावरच्या शबानाबद्दल त्याला काय कळणार?

आता खिडकी. ही मागणी फक्त आपल्यापुरती केली तर ती अर्धीच राहील. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्यावर गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचलाय? वारली मुलाच्या हातात ‘चाकाची खुर्ची’ आणि आपल्या हातात हे पुस्तक, असं झालं तर कपाट खरं भरलं. म्हणून ‘मुस्लिम साहित्य’ अशी पाटी लावलेला वेगळा कोपरा मागू नका. त्या कोपऱ्याकडे आपलीच मुलं जातील. पुस्तकं सगळ्यांच्या कपाटात, सगळ्यांच्या पुस्तकांना लागून हवीत.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी कोकणातल्या मुसलमानांच्या गावाबद्दल आहे. दलवाईंची मतं इथल्या अनेकांना पटत नाहीत. न पटू देत. पण आमची पुस्तकं ठेवा म्हणायचं आणि आम्हाला न आवडणारं काढा म्हणायचं, हे एकत्र चालणार नाही. उद्या दुसरं कोणी उठून आपलं पुस्तक काढायला सांगेल, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने अडवणार? वाचा, भांडा, त्यावर लिहा. पुस्तक मात्र कपाटात राहू द्या.

मग करायचं काय? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे त्यात आपल्या घरच्या कराचाही पैसा आहे. यातली बहुतेक ग्रंथालयं स्थानिक संस्था चालवतात आणि पुस्तकं निवडण्यात त्यांच्या कार्यकारी मंडळाचा शब्द चालतो. तेव्हा बाहेर उभं राहून कुरकुर करण्याआधी सभासद व्हा. वार्षिक सभेला जाऊन बसा.

पाच-सहा जणांचा गट करा. त्यात मुली हव्यात, वारली आणि कोळी मित्रही हवेत. कुमारांसाठीची शंभर पुस्तकं चाळा. नायक कोण, नायिका कोण, आणि कोण फक्त नोकर, गुंड किंवा बिचारा म्हणून येतो, ते वहीत लिहा. मग दहाच पुस्तकांची यादी करा. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि ते का हवं याची एक ओळ. यादी ग्रंथपालांना लेखी द्या. पैशांची अडचण खरी असते, म्हणून दोन पुस्तकं गटाने वर्गणी काढून द्या. घरातली रद्दी मात्र देणगी म्हणून देऊ नका.

पुस्तकं आली की ती घरी न्या, वाचा, मित्राला द्या. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी असतात. नोंदवहीत कोणाचंच नाव चढलं नाही, तर पुढच्या वर्षी मंडळ म्हणेल, ‘मागितली होती, पण वाचली कोणी?’ आणि ते बरोबरच असेल.

१५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. हार घालून फोटो काढण्यापेक्षा त्या दिवशी आपली दहा पुस्तकांची यादी ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवूया. यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्यावर पोच घ्यायला विसरू नका.