वर्गणीतून वाचलेला वारसा

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात न्यूटनमोर नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या मॅकफर्सन कुळाच्या संग्रहालयात एक मोडकं फिडल जपून ठेवलंय. १७०० साली बॅन्फ गावी फासावर जाण्याआधी याच कुळातल्या जेम्स मॅकफर्सन नावाच्या फिडलवादकानं ते स्वतःच मोडलं, अशी आख्यायिका. खरंखोटं देव जाणे, पण बघणारा तिथे थबकतोच!

१९४३ मध्ये कुळप्रमुखांच्या घराण्यातल्या चीजवस्तू लिलावात निघाल्या. तेव्हा भाऊबंदांनी पैसे गोळा करून त्यांतल्या मोलाच्या वस्तू सोडवल्या. त्यातूनच १९५२ मध्ये हे संग्रहालय उभं राहिलं. आजही त्याला कुळातल्या लोकांच्या देणग्यांचा आधार आहे. ऑगस्टमधल्या मेळाव्याला देशोदेशीचे मॅकफर्सन येतात, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात, आणि त्या फिडलपाशी एक चक्कर मारून येतात.