नवसाचे गाव, गरम पाण्याचे गाव

(रौप्यमहोत्सवी सहलीच्या आधी सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या माहितीपर भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने सहलीसाठी वज्रेश्वरी-गणेशपुरी ठरवली आणि ‘काका, दहा मिनिटे तुम्ही बोला’ म्हणून मला सांगितले. मी पडलो बँकेतला माणूस. कुठेही गेलो तरी देणे-घेणे आधी डोळ्यांपुढे येते. देवीच्या गावाबद्दलही त्याच भाषेत बोलणार, तेवढे सांभाळून घ्या.

वज्रेश्वरी म्हणजे पूर्वीचे वडवली. ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी. देवीचे मूळ देऊळ उत्तरेला गुंज गावी होते, ते पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झाले असे सांगतात. १७३९ साली चिमाजी अप्पांचा वसईला वेढा पडला होता. माणसे पडत होती, किल्ला हाती येत नव्हता. तेव्हा अप्पांनी नवस बोलला की किल्ला मिळाला तर देवीचे देऊळ बांधीन, अशी परंपरा आहे. मे १७३९ मध्ये वसई मिळाली. अप्पांच्या आज्ञेवरून वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ उभे केले. अप्पा स्वतः डिसेंबर १७४० मध्ये गेले. विजयानंतर पुरती दोन वर्षेही त्यांना मिळाली नाहीत, पण नवस बाकी राहिला नाही. आमच्या भाषेत, खाते वेळेत बंद झाले!

देऊळ नीट बघा, नुसते रांगेत उभे राहून परत येऊ नका. उंचवट्यावरचे हे देऊळ बाहेरून किल्ल्यासारखे दिसते. चढायला बावन्न दगडी पायऱ्या आहेत. वाटेत पायरीवर कासव कोरलेले आहे, लोक त्याला कूर्मावतार म्हणून हळदकुंकू वाहतात. वर दीपमाळ आहे. दारावरचा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी पायऱ्या सावकाश चढाव्यात, देवी कुठे जात नाही.

आता पाण्याकडे येतो. सगळ्यांचा डोळा त्यावरच आहे, मला ठाऊक आहे! अकलोली आणि गणेशपुरी, दोन्ही जवळच. गणेशपुरीत भीमेश्वराचे देऊळ, त्यालगत कुंडे, आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी देह ठेवलेल्या नित्यानंद स्वामींचे समाधिमंदिर. त्यांच्यामुळे देशोदेशीचे साधक इथे ध्यानाला येऊ लागले. पाणी गरम का, तर पुराणकथा सांगते की देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताने. भूगर्भशास्त्र सांगते की पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पालघरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही, मुलांनी घाबरू नये.

या पाण्याने आजार जातो का? आमच्या सौभाग्यवतींचा अनुभव सांगतो. कुंडात बसल्या की गुडघे मोकळे होतात, संध्याकाळपर्यंत त्या जिना न धरता चढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची बाटली पुन्हा हातात. म्हणजे आजार बरा होत नाही, दिवस बरा जातो. आमच्या वयाला तेही थोडे नाही. पण गोळ्या बंद करू नका.

सर्व कुंडे सारखी नसतात, काहींत हातही ठेववत नाही. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, म्हणून त्यांनी आधी कोपर बुडवून बघावे किंवा दुसऱ्याला विचारावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर चक्कर येते. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरा. दहा मिनिटे पुरे, बरोबर कोणीतरी हवेच. आणि जेवल्याजेवल्या उतरू नका, आधी स्नान, मग पंगत.

आपल्यातल्या तरुण मंडळींचे म्हणणे होते की रिसॉर्टमध्येच थांबू, टब, मसाज, सगळे एका पॅकेजमध्ये. त्यात गैर काही नाही, पाठ माझीही दुखते. माझे म्हणणे एवढेच की फक्त पॅकेज घेऊन परत येऊ नका. झऱ्याच्या पाण्याचे बिल कोणी लावत नाही, म्हणून ते आपण फुकटचे धरतो. साबण, शाम्पूच्या पुड्या, ओले कपडे, प्लास्टिकच्या बाटल्या तिथेच टाकून ‘फार बरे वाटले’ म्हणत गाडीत बसतो. घेतले किती आणि फेडले किती, याचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

म्हणून माझी सूचना आहे. कुंडावर साबण लावायचा नाही. कचरा गाडीतून परत आणायचा, पिशव्या मी देतो. जेवण गावातल्या खाणावळीत. आणि देवस्थानाला सोसायटीच्या नावाने देणगी, पावती घेऊन. पावती फाईलला लावू, ऑडिटरही खूश!

पंचवीस वर्षे आपण एकमेकांच्या आधाराने राहिलो. गच्चीची गळती असो की मध्यरात्रीचे आजारपण, कोणी ना कोणी धावून आले. तेही नवसासारखेच असते, बोललेले नसले तरी फेडायचे असते. सहलीत ज्यांना चढता येत नाही त्यांचा हात धरा, सुरुवात तिथूनच करू.

गाडी सकाळी सहाला गेटवर. उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही, असे सेक्रेटरी दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी थांबतात.