शनीच्या कड्यातील आरे



शनीला कडी आहेत, हे वाक्य मुले सहज पाठ करतात. परंतु त्या कड्यांचे स्वरूप मानवास कसे उमगले, ही हकिकत त्या वाक्याहून अधिक बोधप्रद आहे.

गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्यास ग्रहाच्या दोन बाजूंस दोन गोळे असल्याचा भास झाला. ते सपाट कडे आहे, हे हायगेन्सने १६५९ साली प्रसिद्ध केले. पुढे मॅक्सवेलने गणिताने दाखविले की, ते असंख्य सुट्या कणांचे असले पाहिजे. तथापि पृथ्वीवरील निरीक्षकास एक अडचण कायमची आहे. शनीवरून पाहता सूर्य व पृथ्वी यांत सात अंशांचेही अंतर कधी पडत नाही. म्हणजे शनीवर पडणारा प्रकाश सदैव जणू आपल्या पाठीमागूनच येतो.

१९८० साली व्हॉयेजर-१ हे यान शनीजवळून गेले. त्याच्या छायाचित्रांत रुंद ‘बी’ कड्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे काळसर पट्टे दिसले. यान पलीकडे गेल्यावर सूर्याच्या दिशेने घेतलेल्या चित्रांत मात्र तसलेच आरे भोवतालच्या कड्याहून उजळ दिसले!

याचे कारण वर्गातच दाखविता येते. कौलांतून कवडसा उतरतो, तेव्हा मुलांना त्याच्या बाजूस, झरोक्याकडे तोंड करून उभे करावे. सूर्यबिंबाकडे मात्र कोणी पाहू नये. हवेतील धूळ चमकताना दिसेल. मग झरोक्याकडे पाठ करावी. तीच धूळ जवळजवळ नाहीशी होईल. हातातील खडा याच्या उलट वागतो. पाठीमागून उजेड आला तर तो उजळ दिसतो, समोरून आला तर काळा. अतिसूक्ष्म धूळ प्रकाश मुख्यत्वे पुढच्याच दिशेस विखुरते. यावरून शास्त्रज्ञांनी अनुमान केले की, कड्याचा मुख्य भाग बर्फाच्या लहानमोठ्या तुकड्यांचा असला, तरी आरे मिलिमीटरच्या सुमारे सहस्रांशाएवढ्या धुळीचे आहेत.

कॅसिनी यान २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरले. त्याच्या चित्रांवरून हे आरे ऋतुमानाप्रमाणे प्रकटतात व लोपतात, हेही स्पष्ट झाले. शनीवरील विषुवकाळाच्या आसपास ते विशेष दिसतात.

म्हणून कोणतीही वस्तू उजळ की काळी, हे ठरविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याची सवय मुलांस लावावी: प्रकाश कोठून येत आहे? पाहणारा कोठे उभा आहे? एखादा विद्यार्थी मंद आहे, असा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकानेही हेच प्रश्न स्वतःस विचारावेत.