रक्तपेढीतली जुनी ठेव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, रक्तदान शिबिराच्या आदल्या संध्याकाळी क्लबहाउसमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या सकाळी याच हॉलमध्ये रक्तदान शिबिर आहे. माझं वय सत्तरीच्या पुढचं. पासष्टनंतर रक्त घेत नाहीत. म्हणून सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काका, रक्त नाही तर निदान दोन शब्द तरी द्या." मी काही डॉक्टर नाही, आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. पण 'रक्तपेढी' या शब्दातली 'पेढी' माझ्या ओळखीची आहे. आणि आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांनीही आपलं जवळजवळ सगळं आयुष्य एका पेढीतच काढलं. त्यांचं नाव डॉ. हार्वे ऑल्टर. २०२० सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालं, त्यांतले ते एक. तेव्हा त्यांचं वय होतं ८५. म्हणजे आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बसायला पात्र.

ऑल्टर यांचा जन्म १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. १९६१ मध्ये ते बेथेस्डा इथल्या अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेत, एन.आय.एच.मध्ये, तरुण डॉक्टर म्हणून लागले. काम रक्तपेढीत. तिथे डॉ. बरूच ब्लूमबर्ग यांच्याबरोबर ते वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांचं सीरम तपासत होते. एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं सीरम समोरासमोर ठेवलं, तर मध्ये एक रेषा उमटली. ती कशाची, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. १९६५ साली त्यांनी ते छापलं आणि त्या पदार्थाला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हे नाव पडलं. पुढे कळलं की हा बी प्रकारच्या काविळीच्या विषाणूचाच भाग. त्यातून बी काविळीची चाचणी आली, लस आली, आणि ब्लूमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं.

ऑल्टर मधल्या काळात पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडले होते. १९६९ मध्ये ते परत त्याच रक्तपेढीत आले, आणि मग पन्नास वर्षं तिथेच राहिले.

आता त्यांचं काम सांगतो, कारण ते मला फार आपलंसं वाटतं. त्या काळात छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची तेव्हा बाटल्यांवर बाटल्या रक्त लागायचं. ऑपरेशन यशस्वी व्हायचं, रुग्ण घरी जायचा. पण शंभरांतल्या जवळजवळ तीस जणांच्या लिव्हरला पुढच्या काही महिन्यांत सूज यायची. ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? ऑपरेशनआधी रुग्णाचं रक्त घेऊन ठेवलं. नंतर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, काही महिने, घेत राहिले. ज्यांनी रक्त दिलं त्या दात्यांचेही नमुने ठेवले. सगळ्यांवर चिठ्ठ्या, तारखा, आणि सगळं अतिथंड फ्रीझरमध्ये. देणाऱ्याची नोंद आणि घेणाऱ्याची नोंद. आम्ही बँकेत याला दुहेरी नोंद म्हणतो. एका बाजूची नोंद हरवली की हिशेब कधी जुळत नाही.

या हिशेबातून पहिली गोष्ट निघाली ती अशी, की पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचं रक्त जास्त धोक्याचं होतं. ज्याला आजच्या आज पैसे हवेत, तो आपलं दुखणं कशाला सांगेल? १९७० च्या सुमाराला त्यांनी विकत घेतलेलं रक्त बंद केलं, फक्त स्वेच्छेनं दिलेलं घ्यायला लागले, आणि बी काविळीची चाचणी सुरू केली. तीस टक्क्यांवरून प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. माझ्या मते हा फार मोठा आकडा आहे. उद्या सकाळी दहा मिनिटं खुर्चीवर पडून राहणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी तो लक्षात ठेवावा. आपल्याकडे रक्तविक्रीवर बंदी यायला १९९८ साल उजाडलं.

पण उरलेल्या दहा टक्क्यांचं काय? तोपर्यंत एन.आय.एच.मध्येच ए काविळीचा विषाणू सापडला होता. लगेच जुने नमुने बाहेर काढले. त्यांत ए नव्हता, बी पण नव्हता. १९७५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा तिसराच कोणीतरी आहे. नाव ठेवलं 'नॉन-ए, नॉन-बी'. खातेदार सापडत नसेल तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात ना, तसंच. हे नाव चौदा वर्षं चाललं.

या काळात अनेक डॉक्टरांचं मत असं, की हे काही गंभीर नाही. रुग्णाचे डोळे पिवळे होत नाहीत, तो खातोपितो, कामावर जातो. फक्त रिपोर्टमध्ये एस.जी.पी.टी. वाढलेलं दिसतं. ऑल्टर यांच्या गटानं मात्र त्या रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही. लिव्हरचे तुकडे काढून तपासले, तेव्हा दिसलं की वर्षं जातात तसं काहींचं लिव्हर आतून कडक होत जातं, सिरोसिस होतो. आपल्या बी विंगच्या भिंतीत पाणी मुरत होतं, आठवतंय? बाहेरून रंग छान होता. प्लास्टर पडलं तेव्हा कळलं. इथे मुरायला वीस-तीस वर्षं लागतात.

१९७८ मध्ये त्यांनी हा आजार चिंपांझींना रक्तातून होतो हे दाखवलं, म्हणजे कारण नक्की विषाणूच आहे. तो लहान आहे, त्याला चरबीचं आवरण आहे, हेही कळलं. पण तो सापडेना. जगभरातल्या अनेक प्रयोगशाळा म्हणायच्या, 'आम्हाला चाचणी सापडली.' ऑल्टर त्यांना आपल्या साठ्यातले नमुने पाठवायचे, पण नावं काढून, फक्त सांकेतिक क्रमांक घालून. त्यांत आजारी माणसांचे होते, निरोगी माणसांचेही होते. एकामागून एक सगळे नापास झाले. अखेर कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत डॉ. मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये विषाणूच्या जनुकांचा तुकडा शोधला आणि चाचणी बनवली. ती या परीक्षेत पास झाली. ऑल्टर यांनी मग फ्रीझरमधले जुने नमुने पुन्हा काढले. जुनाट नॉन-ए, नॉन-बीचे बहुतेक सगळे रुग्ण या नव्या 'हेपटायटिस सी'चेच निघाले. दात्यांची चाचणी सुरू झाली आणि १९९७ पर्यंत तिथलं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं. त्याच साली डॉ. चार्ल्स राइस यांनी दाखवलं की एकटा हा विषाणू आजार करायला पुरेसा आहे. हाउटन, राइस आणि ऑल्टर, हे ते नोबेलचे तिघे.

जपून ठेवलेल्या नमुन्यांची अशीच गोष्ट आपल्या पुण्याचीही आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली होती. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतले डॉ. श्रीनिवासन, डॉ. खोर्शेद पावरी आणि सहकारी, आणि अमेरिकेतले ऑल्टर यांचेच सहकारी डॉ. पर्सेल, यांनी मिळून त्या साथीतले जुने नमुने तपासले. तिथेही ए नाही, बी नाही! पण ही पाण्यातून पसरणारी वेगळी कावीळ, तिला आज आपण 'ई' म्हणतो.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? माझ्या बँकेत कॅश विभागात एक सहकारी होता. अत्यंत सरळ माणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. १९९१ मध्ये त्याची हृदयशस्त्रक्रिया झाली, चार बाटल्या रक्त लागलं. ठणठणीत बरा झाला. वीस वर्षांनी पाय सुजले, पोटात पाणी झालं. निदान झालं सिरोसिस. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, 'लपून पीत असणार.' वहिनींनी ते ऐकून घेतलं. पुढे चाचणीत हेपटायटिस सी निघाला. २०१३ मध्ये तो गेला. त्यानंतर दोनच वर्षांत या आजारावरच्या नव्या गोळ्या आपल्या देशात स्वस्तात मिळू लागल्या. तीन महिन्यांचा कोर्स, आणि शंभरांतले पंचाण्णव बरे होतात. दोन वर्षं! ते दुःख अजून जात नाही.

आपल्या देशात दात्याच्या रक्ताची सी चाचणी सक्तीची झाली २००१ मध्ये. म्हणजे त्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांच्या बाबतीत ती झालीच असेल असं सांगता येत नाही. या हॉलमध्ये साठीच्या पुढची माणसं बरीच आहेत. कोणाचं सिझेरियन झालं असेल, कोणाचा अपघात, कोणाचं अल्सरचं ऑपरेशन. तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, उद्या घरी जाऊन कपाटातली जुनी फाईल काढा. डिस्चार्ज कार्ड वाचा. २००१ च्या आधी रक्त घेतल्याची नोंद असेल, किंवा कागद हरवला असेल पण आठवण असेल, तर आपल्या डॉक्टरांना सांगून अँटी-एच.सी.व्ही. ही साधी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप गेलेला असतो, ते बघायला पुढची एक चाचणी असते. तो असेल तर औषध आहे. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत मिळतात.

आणि कोणाला हा आजार निघालाच, तर त्यांच्या घरचा चहा बंद करू नका. एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं हा पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. दाढीचं ब्लेड, सुई मात्र ज्याची त्यानंच वापरायची. उसाचा रस, कावीळ उतरवणारे, मंत्रवाले यांच्यामागे लागून वेळ घालवू नका. डोळे पिवळे नसले तरी हा आजार असू शकतो, हे एवढं पक्कं लक्षात ठेवा.

उद्याच्या दात्यांना शेवटचं सांगतो. फॉर्मवरचे प्रश्न कंटाळवाणे वाटतील. पण खरं लिहा. काही शंका असेल तर रक्त न देता परत जा, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या त्या एका खऱ्या नोंदीवर कोणाचीतरी पुढची वीस वर्षं अवलंबून आहेत.

एवढं बोलून मी थांबतो. उद्या सकाळी आठपासून मी दाराशी चहा-बिस्किटांच्या टेबलावर असेन, तेवढं काम मला कार्यकारिणीनं दिलंय. जरूर या.