गुरुजी, हा कागद वाचा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आमच्या गावाकडचे एक वयोवृद्ध शेतकरी दारात येऊन उभे राहिले. हातात चार घड्या घातलेला कागद. म्हणाले, "सर, एवढं वाचून सांगा. शाळेतल्या गुरुजींनी वाचला, पण ते म्हणाले, हे कोर्टाचं प्रकरण आहे, मला नाही समजायचं."

कागद न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचा होता. सुनेनं अर्ज केला होता. सामनेवाल्यांत मुलाचं नाव, म्हाताऱ्याचं नाव आणि लग्न होऊन बारा वर्षं परजिल्ह्यात नांदत असलेल्या लेकीचंही नाव. तारीख पाहिली, तर ती उलटून तीन आठवडे झालेले!

"तात्या, तुम्ही गेला नाहीत?"

"लोक म्हणाले, तिकडं फिरकूच नका, म्हणजे आपोआप मिटतं."

मंडळी, आज मला बोलायचं आहे ते या एका वाक्याविषयी. या वाक्यानं अनेक घरं बुडवली आहेत. मी वकील नव्हे. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. पण एवढं खात्रीनं सांगतो, की न्यायालयाकडे पाठ फिरवणं म्हणजे बचाव नव्हे. आपण गेलो नाही, तर न्यायालय समोर आहे तेवढंच पाहून एकतर्फी हुकूम देऊ शकतं. तात्यांच्या घरी तेच झालं होतं. सुनेला दरमहा पोटगी द्यावी, असा अंतरिम हुकूम होऊन गेला होता.

आता, हातात आलेला कागद कोणता, हे आधी ओळखलं पाहिजे. असे कागद दोन प्रकारचे असतात.

पहिला, कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखालचा. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. यात स्त्री मागते ते संरक्षण, राहायला जागा, पोटगी, नुकसानभरपाई. अर्ज आला म्हणजे कुणी लगेच तुरुंगात जात नाही. न्यायालय नोटीस पाठवतं आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं मागतं. मात्र संरक्षणाचा हुकूम झाल्यावर तो मोडला, तर तो गुन्हा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. हुकूम चुकीचा वाटला, तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. तो मोडण्याची मुभा मात्र कुणालाच नाही.

दुसरा कागद पोलिसांचा. पूर्वी ज्याला आपण 'चारशे अठ्ठ्याण्णव अ' म्हणत होतो, ते कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते ८५ व्या कलमात आहे. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातलगांनी छळ केल्याचा हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. नुसती तक्रार झाली की सगळ्या घराला धरून नेतात, अशी भीती खेड्यापाड्यांत आहे. पण २०१४ साली अर्नेश कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा प्रकरणी सरसकट अटक करू नये. अटकेची गरज का आहे, ती कारणं पोलिसांनी लिहून ठेवावीत, एरवी चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यावी. ती नोटीस आली तर जायचं. नोटीस पाळणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. टाळणारा ते आपल्या हातानं घालवतो. अटकेची खरोखर भीती असेल, तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो.

तर मी तात्यांना म्हटलं, उद्या मुलाला घेऊन या. मुलगा आला. मान खाली. मी विचारलं, "हात उचललास का रे तिच्यावर?" बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, "दोनदा, सर. बाकी अर्जात पैसे मागितल्याचं लिहिलंय, ते खोटं आहे."

तुम्ही म्हणाल, आता यानं काय करावं? सगळंच नाकारावं? नाही. मी त्याला सांगितलं, "वकिलाला हे दोन्ही सांग, जसंच्या तसं. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं वकील बाहेर फोडू शकत नाही. अर्धं दडवलंस तर तो तुझ्यासाठी लढणार कशाच्या जोरावर?" ज्याच्या हातून चूक झाली, त्यालाही वकील मिळण्याचा हक्क आहे. आरोप शाबीत होईपर्यंत कायदा कुणालाच गुन्हेगार मानत नाही. पण हक्क आहे म्हणून केलेलं कृत्य पुसलं जात नाही.

बाकीचा बचाव कागदांचा असतो. पत्रं, निरोप, बँकेचे उतारे, दवाखान्याचे कागद, सगळं तारखेवार लावून ठेवावं. त्यात एक अक्षर बदलू नये. उत्पन्न लपवू नये. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी शपथेवर सांगावीत, असा दंडक घालून दिला आहे. साक्षीदार पढवू नये. आणि सुनेच्या माहेरी माणसं पाठवून दम देऊ नये. तडजोड करायची तर ती न्यायालयासमोर, तिच्या राजीखुशीनं.

वकिलाचे पैसे नसतील, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना, कोठडीत असलेल्यांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुणालाही तिथं फुकट वकील मिळतो. म्हणजे सुनेलाही मिळतो आणि गरीब सासऱ्यालाही.

तात्या पुढच्या तारखेला गेले. लेक त्या घरात सुनेबरोबर कधी राहिलीच नव्हती. तसं तिनं म्हणणं दिलं, आणि तिचं नाव वगळलं गेलं. पोटगी चालू आहे आणि ती मुलगा भरतो आहे. पैशांच्या मागणीचा आरोप खरा की खोटा, हे पुराव्यावरून ठरेल. निकाल अजून व्हायचा आहे.

शेवटी, गावातल्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. असा कागद पहिल्यांदा तुमच्याच हाती येतो. तो "मला समजत नाही" म्हणून परत करू नका. न्यायालय कोणतं आणि तारीख कोणती, एवढं जरी मोठ्यानं वाचून सांगितलंत, तरी पुष्कळ झालं. आणि त्याच गल्लीतली एखादी बाई उद्या अंगावरचे वळ घेऊन तुमच्याकडे आली, तर तिलाही याच न्यायालयाची वाट दाखवा. दार एकच आहे. दोघांनाही तिथं जाऊन खरं बोलता आलं पाहिजे.