शुगरची गोळी आणि पेशीतली वही



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक विक्रेता आला. त्याच्याकडे क्रोमियमच्या गोळ्यांचे डबे होते. शुगर उतरते, वजन घटतं, अपाय काही नाही, शिवाय प्रत्येक डब्यामागे गटाला कमिशन, असं तो म्हणाला. आमच्यातली एक ताई लगेच म्हणाली, "मग दवाखान्यातली गोळी बंद करू का?" तिथंच आम्ही थांबलो. आधी समजून घेऊ, मग ठरवू, असं म्हटलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

क्रोमियम हा धातू आहे. नळाच्या तोटीवरची चकाकी त्याचीच. त्याची दोन रूपं महत्त्वाची. क्रोमियम-तीन हे धान्यात, भाज्यांत अगदी कणभर असतं. क्रोमियम-सहा हे मुख्यतः कारखान्यांत, चकाकी चढवण्याच्या कामात आणि थोडंफार सिमेंटमध्ये असतं.

आपल्या पेशीत डीएनए नावाचा बारीक धागा असतो. तो म्हणजे आपल्या गटाची हिशोबाची वहीच समजा. एक पेशी दोन होताना सगळी वही उतरवून घ्यावी लागते. मूळ नोंद बिघडली, की चूक पुढच्या वहीतही उतरते. अशा चुका साठत गेल्या, तर कर्करोग होऊ शकतो.

क्रोमियम-तीन पेशीत सहजासहजी शिरत नाही. क्रोमियम-सहा मात्र शरीराला लागणाऱ्या सल्फेटसारखं दिसतं, म्हणून पेशी त्याला दार उघडते. आत गेल्यावर त्याचं क्रोमियम-तीन होतं आणि ते डीएनएला चिकटतं. कधी धागाही तुटतो. पेशी दुरुस्ती करते, पण वर्षानुवर्षं मारा झाला तर काही चुका राहून जातात. कारखान्यात हे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

मग गोळीत काय असतं? क्रोमियम-तीन, बहुतेक वेळा क्रोमियम पिकोलिनेट. १९९५ साली प्रयोगशाळेत प्राण्यांच्या पेशींना ते मोठ्या प्रमाणात दिलं, तेव्हा गुणसूत्रं तुटलेली दिसली. पुढे उंदरांना दोन वर्षं खाऊ घातलं, तेव्हा कर्करोगाचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. म्हणून ही गोळी विष आहे, असं आम्ही म्हणणार नाही. पण मधुमेहावर तिचा भरवशाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हेही तितकंच खरं. अमेरिकेत तरुण बाईला दिवसाला २५ मायक्रोग्रॅम क्रोमियम पुरेसं मानतात. बाजारातल्या एका गोळीत बरेचदा २०० असतं.

खरा धोका वेगळाच आहे. या गोळीच्या भरवशावर डॉक्टरांचं औषध सुटलं, तर वाढलेली शुगर डोळे आणि मूत्रपिंड पोखरते. म्हणून आम्ही कमिशन नाकारलं. त्या ताईची गोळी चालू आहे.

तुम्हीही कोणतीही पूरक गोळी घेण्याआधी डॉक्टरांना डबा दाखवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नक्कीच. आणि बांधकामावर जाणाऱ्या मैत्रिणींनो, ओल्या सिमेंटमध्ये उघडे हात घालू नका. त्यातल्या क्रोमियमने कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात. रबरी हातमोजे मागून घ्या. काम आपलं आहे, तसे हातही आपलेच आहेत.